कठड्यावरची पांढरी वीण

पोर्ट लिंकनच्या धक्क्यावर विंका ग्रझिचशी कधी भांडला नाही असा माणूस शोधायला निघालात, तर तो एक तर काल गावात आलेला असेल, नाही तर ठार बहिरा असेल. फादरशी तिचं मेणबत्त्यांवरून झालेलं आहे, बर्फवाल्याशी बर्फावरून, आणि क्लबात बोचे या खेळाचे गोळे टाकत बसणाऱ्या म्हाताऱ्यांशी तर कारणाशिवाय. नाकावर माशी बसू द्यायची नाही हा बाईचा स्वभाव, आणि ट्यूनाच्या बंदरात माश्यांना काय तोटा! पण ज्या भांडणाची ही गोष्ट आहे त्याला कारण होतं. तिला तिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव मोठ्याने पुकारलेलं ऐकायचं होतं.

ट्यूनाचा हंगाम सुरू होण्याआधी आमच्याकडे बोटींना आशीर्वाद देतात. सगळा ताफा धुऊन-पुसून, झेंडे लावून धक्क्याला लागतो. फादर पाणी शिंपडतो, आणि मग सगळ्यात जुना तांडेल आपल्या बोटीच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभा राहून समुद्राने नेलेल्यांची नावं एकेक करून पुकारतो. ज्याचं नाव घेतलं त्याच्या घरच्या बोटीने भोंगा वाजवून ओ द्यायची. कोणाचा आजा, कोणाचा भाऊ. भोंगा वाजला की तो माणूस तेवढ्यापुरता धक्क्यावर येऊन गेला असं मानायचं. विंकाचा नवरा शिमे गेला त्यानंतरच्या आशीर्वादाला त्याचं नाव आलं नाही. त्यापुढच्या वर्षीही आलं नाही. ‘झोरा’ या त्याच्या बोटीवर विंका आणि तिची मुलगी निवेस भोंग्याच्या दोरीला हात लावून उभ्या राहिल्या आणि तशाच खाली उतरल्या.

का, तर म्हणे शिमेला समुद्राने नेलं नाही, दारूने नेलं.

विंका काली गावची. ते बेटावरचं गाव इथून जगाच्या पार दुसऱ्या टोकाला, पण इथल्या अर्ध्या ताफ्याचे बाप तिथलेच. तिच्या बापाने गलबतांवर उभा जन्म काढला. दोर विणायची कला त्याने मुलांना न देता मुलीला दिली, कारण मुलांच्या बोटांत अक्कल नव्हती, असं ती अजून सांगते आणि तिचे भाऊ अजून चिडतात. विशी उलटायच्या आत ती इकडे आली, शेजारच्या गल्लीतल्या शिमेशी लग्न करायला. त्याचं आधीच इथे बस्तान बसलेलं. पहिली वर्षं तिने डबे भरायच्या कारखान्यात उभं राहून ट्यूना कापला. सुरीवर तिचा हात बसला तो तिथे. मुकादमाशी भांडायला ती इंग्रजी शिकली, आणि भांडण्यापुरतंच शिकली.

तेव्हा बोटींचे कठडे साध्या लोखंडाचे असत. रंगवा, खरवडा, पुन्हा रंगवा. मग स्टेनलेस स्टील आलं आणि तांडेल लोक हरखले. गंज नाही, रंग नाही, आरशासारखं लखलखतं! पण आरशाला धरून समुद्रात उभं राहता येत नाही. ओल्या हाताने ते निसटायचं, उन्हाळ्यात हाताला चटका द्यायचं. विंकाने ‘झोरा’च्या कठड्याला पांढरी दोरी गुंडाळली, नुसती गुंडाळली नाही, वेणीसारखी विणली, कोपऱ्यांवर गाठीची फुलं काढली आणि खांबांना थेट पायापर्यंत पायमोज्यासारखी चढवली. हात घट्ट बसू लागले. ते पाहून टोंचीच्या बायकोने, दोब्रिलाने, विंकाकडून वीण मागून घेतली. टोंची शिमेचा चुलतभाऊ, कालीतल्या त्याच गल्लीतला, लहानपणी विंकाच्या वेण्या ओढणारा. त्याच्या बोटीवर वीण चढली, मग काय, सगळ्या ताफ्यावर चढली. नवी सून आली की तिला आधी विंकाच्या अंगणात बसवायचं, वीण शिकायला. विंकाने त्या पोरींना शिव्या देत देत शिकवलं, आणि शिव्यांसकट ती वीण गावाची झाली.

पांढरी वीण पांढरी राहील तर शोभा. डिझेलची काजळी, पक्ष्यांची घाण, आणि दोरीतून झिरपणारे तपकिरी ओघळ, ज्यांना आम्ही चहाचे डाग म्हणतो. आशीर्वादाच्या आदल्या दिवशी बायका ब्लीचची बादली आणि ब्रश घेऊन डेकवर गुडघे टेकून बसत. डाग गेला नाही तर आणखी ब्लीच. जिची वीण पिवळी ती बाई आळशी, हा इथला न्याय. ही ब्लीचची युक्तीही विंकाचीच, आणि तिचा तिला अभिमान होता.

शिमे गेला तो आशीर्वादाच्या दुसऱ्या सकाळी. समुद्रातल्या पिंजऱ्यांत पोसलेल्या गेल्या हंगामाच्या माशांना चारा टाकून ‘झोरा’ परत येत होती. धक्का समोर दिसत होता. शिमे कोपऱ्यावर कठड्याला पोट टेकवून दोर फेकायला वाकला, आणि कठडा त्याच्यासकट गेला. बोटीची बाजू डोक्याला लागली. वर काढला तेव्हा संपलेला होता. आदल्या दिवशी क्लबात सगळ्यांनी त्याला पेला उचलताना पाहिलं होतं, आणि आधीच्या आठवड्यात ‘झोरा’ धक्क्याला घासली होती. झालं! उचलली जीभ, लावली टाळ्याला. शिमेने नशेत बोट धक्क्यावर घातली, कठड्याला तडा गेला, तो दुरुस्त केला नाही, आणि दुसऱ्या नशेत त्याच्यावरच रेलला. गोष्ट इतकी नीटनेटकी होती की कोणी ती तपासायची तसदी घेतली नाही.

खरं काय ते विंकाला ठाऊक होतं. काळजाच्या दुखण्यानंतर शिमेने दारू सोडली होती. पण क्लबात चेष्टा होईल म्हणून तो पेला उचलायचा, ओठांना लावायचा आणि खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत हळूच ओतायचा. त्याने तिच्याकडून वचन घेतलं होतं, कोणाला सांगू नकोस. तो मेल्यावर तिने सगळ्यांना सांगितलं. कोणी विश्वास ठेवला नाही.

यंदा आशीर्वादाला थोडे दिवस उरले असताना ती क्लबात गेली. टोंची गोळा हातात घेऊन नेम धरत होता. सगळ्यात जुना तांडेल तोच, नावं तोच पुकारायचा.

“टोंची, यंदा शिमेचं नाव घ्यायचं.”

“विंके, आधी गोळा टाकू दे.”

“गोळा कुठं पळून चाललाय? तुझ्या तोंडून नाव निघत नाही ते बघ.”

“समुद्रानं नेलेल्यांची नावं असतात ती. बाटलीनं नेलेल्यांची घ्यायला लागलो तर फादर तिथंच झोपेल.”

म्हातारे हसले. विंका गोळ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

“बाटली? अरे, तुझ्या डोळ्यांसमोर तो कुंडीत ओतायचा! जिरेनियम कशानं मेलं क्लबातलं, सांग की!”

“तुझ्या जिभेनं मेलं. बाजूला हो, लागेल.”

“लागू दे. म्हणजे माझंही नाव घ्यायला नको तुला.”

टोंची वाईट माणूस नाही. शिमेच्या शवपेटीला त्याने खांदा दिला होता आणि रडलाही होता. पण त्याच्या बापाने घालून दिलेला नियम त्याला देवाच्या आज्ञेइतका पक्का वाटे. एकदा नियम वाकवला की उद्या रस्त्यात मोटार उलटून मेलेलाही नाव मागायला येईल, असं तो म्हणे.

निवेसला आईची ही भांडणं सहन होत नसत. ती आता ‘झोरा’ची तांडेल, कमी बोलणारी. बोटींचं पोलाद तपासायला जोअॅन टिल्ब्रूक नावाची बाई अॅडलेडहून आली होती. निवेस तिला घरी घेऊन आली.

कठड्याचा तो मोडलेला खांब विंकाच्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी उभा असे, पांढऱ्या विणीसकट. येईल-जाईल त्याला ती मोडलेलं टोक दाखवायची, की बघा, धक्क्याचा मार कुठे दिसतो का. जोअॅनने तो उजेडाकडे धरला, चष्मा कपाळावर सारून डोळा जवळ नेला.

“मार लागलेला नाही,” ती म्हणाली. “धक्क्याला लागून हे मोडलेलं नाही.”

“ऐकलंस, निवेस? ऐकलंस?” विंकाने टेबलावर हात आपटला, कॉफी ठेवली, तळलेल्या फ्रितुले भज्यांवर साखर भुरभुरवली, बशी जोअॅनच्या नाकाखाली सरकवली. “खा, पोरी. किती वाळलीयस.”

“पण मग मोडलं कशानं, ते बघायला हवं,” जोअॅन बशीला हात न लावता म्हणाली. “हे बघा, मोडलेली बाजू जवळजवळ सगळी तपकिरी आहे. म्हणजे जुनी भेग. फक्त ही कड चकचकीत आहे, नखाएवढी. तेवढीच शेवटच्या दिवशी तुटली. बाकीचा खांब आधीच आतून गेला होता.”

“शिमेनं वरच्या जातीचं पोलाद मागवलं होतं. ते मॉलिब्डेनम का काय, ते घातलेलं. गावात सगळ्यात चांगलं.”

“चांगलंच आहे. त्यातल्या क्रोमियममुळं वर एक पापुद्रा धरतो, दिसणार नाही इतका पातळ. तोच त्याला राखतो. कुठं फाटला तर हवा लागून पुन्हा धरतो. पण वर काही घट्ट गुंडाळलं की हवा पोचत नाही. खारं पाणी मात्र आत शिरतं. उन्हात पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. पुन्हा पाणी, पुन्हा ऊन. उघडा कठडा तुम्ही रोज गोड्या पाण्यानं धुता, पण आतलं मीठ तसंच साठत जातं. आणि वेल्डिंगच्या जोडाशी पोलाद आधीच ताणलेलं असतं. तिथून बारीक भेगा आत आत जातात. वरून काही कळत नाही.” मग ती जरा थांबून म्हणाली, “ब्लीच लावता का हो याला?”

“गावातली प्रत्येक बाई लावते!”

“मिठानं जे करायला वर्षं लागतात ते ब्लीच लवकर करतं. त्याच्यापुढं मॉलिब्डेनमसुद्धा हात टेकतं. ही दोरी कापून बघावी लागेल.”

विंकाने बशी उचलली आणि परत कट्ट्यावर ठेवली.

“म्हणजे माझ्या विणीनं माझा नवरा मारला, असं म्हणतेस तू?”

“दोरी काढल्याशिवाय मी काहीच म्हणत नाही.”

“या दोरीवर त्याचा हात होता शेवटचा. हिला सुरी लावायची नाही. ऊठ. निवेस, हिला दार दाखव. आणि तू, पोरी, पुस्तकातून बघतेस ना बोटी, मग पुस्तकातच राहा.”

जोअॅन उठली. दारात वळून म्हणाली, “राग मानू नका, पण कठड्यावर रेलू नका.” राग न मानायला विंका काय संत होती?

तरी त्याच दुपारी ती क्लबात जाऊन आली. धक्क्याने मोडला नाही, तपासणारीने सांगितलं, असं तिने सगळ्यांसमोर टोंचीला ऐकवलं. टोंचीने टोपी काढून डोकं खाजवलं.

“बरं, धक्क्यानं नाही मोडला. मग कशानं मोडला? आपोआप? एवढं जाड स्टेनलेस आपोआप मोडतं होय गं?”

विंकापाशी उत्तर होतं, जिभेच्या टोकावर होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने ते गिळलं. टोंचीला वाटलं बाई हरली. त्याने तिला बसायला खुर्ची दिली, आणि त्या खुर्चीचा तिला त्याच्या सगळ्या टोमण्यांपेक्षा जास्त संताप आला. ती उभीच राहिली आणि उभीच निघून गेली.

मधले दिवस ती घरातल्या खांबाकडे पाठ करून स्वयंपाक करत होती. ती बाई खोटारडी आहे, असं भाजी चिरताना म्हणायची. मग उलथणं आपटून म्हणायची, खोटं बोलून तिला काय मिळणार? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी तिची गत झाली होती. नवऱ्याची साक्ष चुलीपाशी उभी, आणि ही ती दारोदार शोधत हिंडलेली.

आशीर्वादाच्या आदल्या दिवशी सगळ्या बायका बादल्या घेऊन धक्क्यावर होत्या. विंकाही ‘झोरा’वर होती. मोडलेल्या बाजूचा कठडा नवा होता. दुसऱ्या बाजूचा जुनाच, तिच्या जुन्या विणीचा. कोपऱ्यावरच्या फुलातून चहाचा डाग ओघळला होता. सवयीने तिने ब्रश बुडवला आणि घासायला लागली. इतक्यात निवेस शेजारच्या बोटीकडून झेंड्यांची माळ घ्यायला आली, आणि बापासारखीच, अगदी बापासारखीच, कठड्याला पोट टेकवून पाण्यावर वाकली.

विंकाने तिला मागून पट्ट्याला धरून अशी ओढली की दोघी डेकवर आदळल्या. बादली लवंडली.

“आई! वेड लागलं का?”

“हातोडी आण.”

“काय?”

“हातोडी आण म्हणते ना! आणि त्या कठड्याला शिवू नकोस.”

निवेसने हातोडी आणेपर्यंत विंकाने कमरेची सुरी काढली होती. स्वतःच्या विणीत सुरी घालताना तिचा हात थांबला, हे खरं. ती वीण घालताना निवेस पाळण्यात होती. मग तिने पात्याला जोर दिला. पांढऱ्या दोरीच्या आत दोरी तपकिरी होती, त्याच्या आत काळपट चिखल, आणि चिखल पुसल्यावर पोलादावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं. जोडापाशी केसाएवढी एक रेघ होती, तिला फाटे फुटलेले, मुळांना फुटतात तसे. हातोडीने उघड्या नळीवर ठोकलं तर घंटेसारखा नाद आला. खांबाच्या पायाशी ठोकलं तर फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजलं. तिसऱ्या ठोक्याला पाय तुटून डेकवर घरंगळला.

वरून कीर्तन, आतून तमाशा. एवढी वर्षं गावातल्या बायकांनी तमाशालाच ब्लीच घातलं होतं.

घरी जाऊन विंकाने शिमेच्या खांबाची दोरी कापली. आत तेच होतं, तसेच फाटे. ती खुर्चीवर बसली, दोरीचे तुकडे मांडीवर घेतले आणि मोठ्याने रडली. रडताना शिव्या घातल्या, दोरीला, ब्लीचला, स्वतःच्या बोटांना, आणि कुंडीत दारू ओतणाऱ्या त्या मूर्ख माणसाला, ज्याला चारचौघांत नाही म्हणायची लाज वाटली होती.

निवेसने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “आई, कोणाला सांगायची गरज नाही. उद्याचा दिवस जाऊ दे. मग मी सगळ्यांना सांगते, कठडे उघडे ठेवायचे, तपासणीचा नवा नियम आलाय. तुझं नाव नको. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“झाकलं म्हणूनच तर मेला तुझा बाप!” विंकाने नाक पुसलं. “आणि दिवस कसा जाऊ देऊ? उद्या टोंची नाळीवर कठड्याला ढेरी टेकवून नावं पुकारणार. ताफ्यातली सगळ्यात पांढरी वीण कोणाची? दोब्रिलाची! माझ्या दुप्पट ब्लीच घालते ती भवानी.”

मग तिने जोअॅनला फोन लावला.

“पोरी, तुझं खरं होतं. उद्या सकाळी धक्क्यावर ये. पण परवाचा तो अंत्ययात्रेचा चेहरा घरी ठेवून ये.”

सकाळी सगळा गाव धक्क्यावर होता. मासे भाजायच्या जाळ्या पेटल्या होत्या, पोरं झेंडे घेऊन धावत होती, फादरचं पाणी शिंपडून झालं होतं. टोंची नवा सदरा घालून आपल्या बोटीच्या नाळीकडे निघाला होता, इतक्यात विंका फळीवरून वर चढली. एका हातात सुरी, दुसऱ्यात हातोडी.

“विंके, आज नको,” टोंची हळू आवाजात म्हणाला. “आज गावाचा दिवस आहे. हात जोडतो.”

“हात जोड, नाही तर पाय जोड. त्या कठड्यापासून लांब हो.”

“अगं ए!” दोब्रिला धक्क्यावरून ओरडली. “काल दिवसभर घासलीय मी ती!”

“दिसतंय मला. म्हणूनच आलेय.”

नाळीच्या कोपऱ्यावरच्या फुलात तिने सुरी घातली. स्वतःच शिकवलेली वीण, कुठे कापली की सगळी उलगडते हे तिला पाठ होतं. दोरी सापासारखी सुटत गेली. गर्दीतून कोणीतरी तिला धरायला पुढे झालं. निवेस फळीवर आडवी उभी राहिली आणि म्हणाली, “माझ्या आईला हात लावून तर बघ.” निवेस एवढं बोलली याचंच लोकांना इतकं नवल वाटलं की ते थांबले.

विंकाने पहिला ठोका दिला. ठण्ण वाजलं. कोणीतरी हसलं. दुसरा दिला. पुन्हा ठण्ण. टोंचीने कपाळाला हात लावला.

“झालं का तुझं? खणखणीत आहे. मी स्वतः वेल्डिंग करून घेतलेलं.”

विंका खाली बसली, पायाशी बोट फिरवलं, जोड कुठे आहे ते चाचपलं आणि तिथे हातोडी हाणली. बद्द. पुन्हा हाणली. पाय तुटला, खांब बाहेर कलला, आणि नाळीचा सगळा कोपरा पाण्यावर लोंबकळायला लागला. खाली दोन बोटींच्या मध्ये अंधारं पाणी होतं आणि धक्क्याची काँक्रीटची कड होती. टोंचीने खाली पाहिलं. स्वतःच्या ढेरीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

जाळीवरचा मासा करपायला लागला. टोंचीने गर्दीत जोअॅनला हेरलं. ती एवढंच म्हणाली, “सगळ्या बोटींच्या दोऱ्या काढा. आजच.”

विंका गावाकडे तोंड करून उभी राहिली.

“ऐका सगळे! पुन्हा सांगणार नाही. शिमेचा कठडा असाच मोडला. धक्क्यानं नाही, दारूनं नाही. दोरीखाली पोलाद कुजलं. ती दोरी मी विणली, ब्लीच मी घातलं, आणि तुम्हा सगळ्यांना मी शिकवलं. ज्याला मला बोल लावायचाय त्यानं आत्ता, माझ्या तोंडावर लावावा. मागून कुजबुजलात तर याद राखा.”

“आणि ब्लीच?” दोब्रिला रडवेली होऊन म्हणाली. “मी तर सगळ्यात जास्त…”

“तू गप गं. चांगली शिष्यीण होतीस, एवढाच तुझा गुन्हा.” विंका टोंचीकडे वळली. “टोंची, परवा विचारलंस ना, कशानं मोडला म्हणून? हे घे उत्तर. माझ्या हातानं मेला तो, समुद्रावर, कामावर, शुद्धीत. दोष माझ्या माथी घाल, मी पेलीन. त्याच्या माथी घातलेली दारू तेवढी काढ. घे नाव.”

टोंचीने टोपी काढली. नाळीवर जायला आता आधार नव्हता, म्हणून तो डेकच्या मधोमध उभा राहिला. जुनी नावं आधी घ्यायची रीत, पण त्याने यंदा ती मोडली. घसा खाकरला आणि खाली मान घालून पुटपुटला, “शिमे ग्रझिच.”

“मोठ्यानं!” विंका म्हणाली.

“शिमे ग्रझिच.”

“दारुडा म्हणताना पार बाजारापर्यंत ऐकू जायचं तुझं! मोठ्यानं!”

टोंचीने मान वर केली. डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलं नाही. छाती भरून त्याने असं नाव पुकारलं की समोरच्या साखळ्यांवर बसलेले पक्षी उडाले.

‘झोरा’वर भोंगा वाजवायला कोणी नव्हतं. निवेस अजून फळीवर होती, विंका टोंचीच्या बोटीवर. क्षणभर सगळा धक्का ‘झोरा’कडे पाहत राहिला. मग निवेस गर्दी फोडत पळत सुटली, उडी मारून बोटीवर चढली आणि भोंग्याची दोरी ओढली. ओढली ती सोडलीच नाही. रीत एकदा वाजवायची आहे. राहिलेल्या दोन वर्षांचंही तिने वाजवून घेतलं असावं.

विंका ते संपेपर्यंत ताठ उभी होती. संपल्यावर तिने सुरी सदऱ्याच्या बाहीला पुसली, टोंचीच्या फळीवरून उतरली आणि शेजारच्या बोटीवर पाय ठेवला. तिथे तिच्याच शिकवलेल्या दोन सुना आपल्या पांढऱ्याशुभ्र विणीपुढे उभ्या होत्या, तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावून.

“सरका गं पोरींनो,” ती म्हणाली. “आणि बघत काय उभ्या राहिल्यात? घरून सुऱ्या आणा.”